जुना लोडर, आठ महिने आणि एक ग्रीस निपल

पहिल्या महिन्यानंतर मी लिहिलं होतं की नवीन लोडर (पुढच्या बकेटने खडी उचलून डंपरमध्ये भरणारं मशीन) विकून टाकावा आणि हा जुनाच चालवावा. ते वाक्य अर्धं मागे घेतोय. अर्धंच का, ते पुढे येईल.

सुरुवात नवीन मशीनच्या रुसण्यापासून झाली. एका सकाळी चालू झालं, पण रेस घेईना. स्क्रीनवर कोड, मशीन गोगलगाय. सर्व्हिसवाला चौथ्या दिवशी उगवला. लॅपटॉप जोडून युरियाच्या (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) लाइनचा सेन्सर गेल्याचं सांगितलं, ‘मागवावा लागेल’ म्हणाला आणि निघून गेला. इंजिन ठणठणीत, हायड्रॉलिक ठणठणीत, आणि अंगठ्याएवढ्या सेन्सरपायी डंपर रांगेत उभे. तेव्हा यार्डाच्या कोपऱ्यात झुडपं अंगावर घेऊन सहा वर्षं बसलेला म्हातारा आठवला.

दोन बॅटऱ्या बदलल्या, टाकीतलं कुजकं डिझेल काढलं, फिल्टर टाकले, हातपंपाने लाइनमधली एअर काढली. तिसऱ्या सेल्फला खोकला, काळा धूर, आणि चालू. डिझेलच्या मेकॅनिकल पंपाचं हेच सुख. एकदा इंजिनाने पकड घेतली की त्याला वीज लागत नाही, बॅटरी काढून घेतली तरी फिरत राहतं. बंद करायचं तर केबल ओढायची. इथे कोड वाचायला कान पुरतो. पंप एअर खातोय, रिलीफ वॉल्व्ह शिट्टी मारतोय, नोझल ठोकतोय, सगळ्यांचे आवाज वेगळे.

आता त्या निपलबद्दल, म्हणजे ग्रीस गन लावायच्या छोट्या तोंडाबद्दल.

लोडर कमरेत मोडून वळतो, म्हणजे त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन सांगाडे मधल्या सांध्यावर वळतात. पण हे पहिल्यापासून तसं नव्हतं. सुरुवातीचे लोडर एकसंध सांगाड्याचे होते, वळायचे बहुधा मागच्या चाकांवर. कमरेत मोडणारा स्कूपमोबाइल लोडर १९५३ मध्ये आला, कॅटरपिलरने ती पद्धत ९८८ या मॉडेलमध्ये आणली ती १९६३ साली. फायदा उघड आहे: वळताना मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात. पण त्या क्षणापासून मशीनचा सगळा जीव दोन सांगाडे जोडणाऱ्या, वर-खाली बसवलेल्या दोन सेंटर पिनांत अडकला. त्यातल्या खालच्या पिनेवर चिखल, खडी, पाणी सगळं येऊन बसतं, म्हणून ग्रीस तिलाच जास्त हवं.

आमच्या जुन्या मशीनवर खालच्या पिनेचा निपल मागच्या बाजूला तोंड करून बसवलेला होता. पुढे स्टीअरिंगचे दोन होस पाइप आडवे. मशीन सरळ उभं असेल तर ग्रीस गनचं तोंड पोचत नाही. पूर्ण डावीकडे मोडलं तरच पोचतं. आणि दोन सांगाड्यांच्या मध्ये शिरण्याआधी लावायचा लॉक बार फक्त मशीन सरळ असतानाच बसतो! म्हणजे जीव सांभाळायचा तर ग्रीस नाही, ग्रीस मारायचं तर जीव टांगणीला. ज्याने हे कागदावर काढलं त्याने स्वतः कधी ग्रीस गन हातात धरली नसावी.

जुन्या मशीनचे गोडवे गाणाऱ्यांना (त्यात मीही आलो) ही गोष्ट ऐकवावीशी वाटते. जुनं ते सोनं खरं, पण जुन्या काळी माणसाच्या हाडांची फारशी पर्वा नव्हती. कित्येक पहिल्या लोडरांत तर बूमचे हात ऑपरेटरच्या मागे टेकलेले असत, म्हणजे लोखंडाचे दोन खांब त्याच्या कोपरांजवळून वरखाली. आमच्याला तेवढं तरी नाही. पण उलटला तर वाचवणारा पिंजरा नाही, आणि सीट म्हणजे फोम लावलेली शिक्षा.

म्हणून मी शहाणपणा केला. निपल काढून तिथून ग्रीसचा लवचीक पाइप बाहेर शिडीपाशी आणला. उभ्या उभ्या दहा स्ट्रोक मारायचे, झालं. दोन महिने स्वतःवर खूश होतो.

मग बकेट भरून उचलताना कमरेतून ‘टक्’ आवाज यायला लागला. पहिल्या आठवड्यात मी तो खडीवर ढकलला. आमचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, एका फेरीनंतर खाली उतरले आणि म्हणाले, “अहो, पिन कोरडी आहे.” मी म्हटलं, मामा, रोज ग्रीस मारतोय. ते काही बोलले नाहीत, खाली वाकले आणि मुठीएवढा ग्रीसचा गोळा घेऊन आले. पाइप आत कुठेतरी घासून फाटला होता. किती आठवडे मी चिखलाला ग्रीस पाजत होतो, देव जाणे. उलट्या निपलवर गन दाबली की ग्रीस जातंय का नाही ते हाताला कळतं. पाइपने ती जाणीवच काढून घेतली. मी नवीन मशीनला ज्याबद्दल शिव्या देत होतो, तेच मी जुन्यात स्वतःच्या हाताने बसवलं.

पिनेला प्ले (ढिलाई) आला, तिच्याभोवतीची गोल बाही, म्हणजे बुश, अंडाकृती झाला. जुन्या मशीनचा खरा फायदा इथे दिसला: भाग मागवायची वाट नाही. लेथवाल्याने माप घेतलं, बुश काढून दिला, पिन बदलली. चार दिवसांत मशीन परत कामाला.

बाकीचं थोडक्यात. डिझेल ताशी चार-साडेचार लिटर जास्त खातो, कारण हायड्रॉलिकचा गिअर पंप काम असो नसो तेल फिरवतच राहतो. आठ महिन्यांची बेरीज वहीत मांडली आणि त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. वरचं वाक्य मागे घेतलं ते इथे. रात्रीतून ब्रेकची हवा उतरते, सकाळी प्रेशर चढेपर्यंत थांबावंच लागतं. डावं ब्रेक पेडल दाबलं की गिअर सुटतो, त्यामुळे बकेट उचलताना इंजिनाची सगळी ताकद पंपाला मिळते. सपाटीवर झकास. उतारावर मात्र मामा पोरांना बजावतात, “डावा पाय विसरायचा.”

नवीन मशीनचा सेन्सर शेवटी आला, ते रोजच्या कामाला परत लागलं. जुना आता खडीचे ढीग सारायला आणि नवीन रुसलं की. विकायचा नाही.

आणि निपल? बुश बसवताना लेथवाल्याने न विचारताच काटकोनात वळलेला निपल लावून दिला, तोंड बाजूला. मशीन सरळ, लॉक बार लावलेला, गन थेट पोचते. एवढासा तुकडा, आणि आठ महिने मला सुचला नाही. मोठ्या कौतुकाने मामांना दाखवला. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, “निपल बरा आहे. पण डावीकडे पूर्ण मोडल्यावर होस त्याच्यावर घासतोय, बघा.”