काळ्या ग्रॅनाइटचा ओटा: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

देवगडजवळच्या आमच्या घरी मागच्या दिवाळीच्या आधी जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवला. आता आंबे, फणस, कोकमं, अख्खा पाऊस आणि गणपतीतले मोदक असं सगळं त्याच्यावर होऊन गेलंय म्हणून लिहायला बसले. नवा नवा असताना कुठलाही ओटा छानच दिसतो हो, तेव्हाच्या फोटोंवरून काही कळत नाही.

आधी पैशांचं बोलते. घरी येणारं जाणारं प्रत्येक जण विचारतं, फुटाला काय पडला? १९० रुपये पडला. पण त्या १९० वरून तुमचं बजेट अजिबात कळणार नाही, ते कसं बघा. आमचा ओटा एल आकाराचा, एक बाजू ९ फूट, दुसरी कोपरा सोडून ६ फूट, रुंदी २ फूट, म्हणजे ३० स्क्वेअर फूट. पण दगड काही आपल्या मापाने कापून मिळत नाही, दुकानात उभे लावलेले स्लॅब असतात त्यातले दोन घ्यावे लागले, साडेनऊ बाय अडीच आणि साडेसहा बाय अडीच, झाले ४० फूट आणि पैसे ४० फुटांचेच. ७६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, ८९६८. इथपर्यंत सगळे हिशोब करतात आणि खूश होतात. मग पुढच्या कडेचं गोल मोल्डिंग, १५ रनिंग फूट (म्हणजे नुसत्या लांबीचे फूट) ११० ने, १६५० रुपये. सिंकचं कटिंग ९००. खालच्या उभ्या पट्ट्या, मधली फळी आणि ग्रॅनाइटखालचा थर मिळून कडप्पा ८० फूट, तो ४८००. टेम्पो आणि हमाली २८००. मिस्त्रीची मजुरी वाळू-सिमेंटसकट ९०००. सिंक ४२००. जुना ओटा फोडून ढिगारा उचलायचे ३०००. बेरीज करा, ३५ हजारांच्या वर जाते आणि त्यात ज्या दगडाच्या भावावर आम्ही तासभर घासाघीस केली तो जेमतेम नऊ हजारांचा. टाइल्स यात धरल्याच नाहीयेत.

ह्यांचं म्हणणं होतं की कोल्हापुरातून आणू, तिथे फुटामागे ३० रुपये कमी सांगतायत. बरोबर आहे, पण ४० फुटांवर ३० रुपये म्हणजे १२०० रुपये वाचणार आणि घाट उतरून येणाऱ्या टेम्पोचं भाडं साडेपाच हजार! शिवाय वाटेत तडा गेला तर कोण बघणार. कणकवलीतूनच घेतला. अख्ख्या बंगल्याच्या फरशा घेणार असाल तर कोल्हापूर परवडेल, नुसत्या ओट्यासाठी नाही.

दगड कुठला घ्यावा यावर मी जरा वेळ काढला. दुकानदारांकडून हातभर सॅम्पलचे तुकडे मागून आणले (देतात, मागायला लाजू नका) आणि रात्रभर मागच्या पडवीत मांडून ठेवले, प्रत्येकावर एक थेंब कोकमाचं आगळ, एक लिंबाचा रस, एक हळद घातलेलं तेल. सकाळी पुसलं तर पांढऱ्या मार्बलवर आगळाच्या जागी पॉलिश उडून खरखरीत गोल, बोट फिरवलं की कळतं. कडप्प्यावर तसंच, काळा असून तिथे राखाडी. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आंबट लागलं की त्यांचं पॉलिश खाल्लं जातंच, त्यात दुकानदाराची लबाडी काही नाही. फिकट ग्रॅनाइटला आगळाने काही झालं नाही पण तेल आत शिरून गडद ठिपका राहिला, त्याला सीलर (डाग आत शिरू नये म्हणून लावायचं द्रावण) मारावा लागतो आणि मधून मधून परत मारावा लागतो. काळा ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ, दोघांना काही नाही. आपल्याकडे सोलकढी आठवड्यातून चारदा होते आणि मेमध्ये आगळ, आमसुलं घरचीच, त्यामुळे मार्बलचा विषय माझ्यासाठी तिथेच मिटला.

क्वार्ट्झ दिसायला एक नंबर, खोटं का बोलू. पण एक तर त्याचा अख्खा स्लॅब घ्यावा लागतो, पन्नास फुटांच्या पुढचा, ३० फुटांच्या ओट्यासाठी बावीस हजार नुसत्या मटेरियलचे सांगितले. दुसरं म्हणजे तो अख्खा दगड नसतो, दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या डिंकात, दाबून केलेला असतो आणि ते रेझिन फार उष्णता सोसत नाही. भाताचा टोप गॅसवरून थेट ओट्यावर ठेवायची सवय आमच्या घरात कोणाची सुटणार नाही, माझीही नाही. शिवाय आमची खिडकी पश्चिमेला, दुपारनंतर ऊन सरळ ओट्यावर, आणि उन्हात ते पिवळं पडू शकतं. फ्लॅटमध्ये, उन्हापासून लांब, टोपाखाली काहीतरी ठेवायची शिस्त असेल तर खुशाल घ्या.

काळ्या ग्रॅनाइटमध्ये एक गोष्ट मात्र नक्की बघा. एका दुकानात खूप स्वस्त आणि खूपच काळाभोर दाखवत होते. मी थिनरमध्ये भिजवलेला कापूस मागच्या बाजूला नव्हे, पॉलिशवरच जोरात घासला, कापूस काळा! राखाडी दगडाला रंग मारलेला. दुकानदार म्हणाला पॉलिशचा मळ आहे वहिनी, मी म्हटलं बरं आणि बाहेर पडले. दुसरीकडे तोच प्रयोग केला, कापूस पांढराच राहिला, तो घेतला. चमचमते ठिपके असलेला ब्लॅक गॅलेक्सी पण होता, तो आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, महाग, आणि मला त्या ठिपक्यांत जिरं सांडलेलं दिसलं नसतं.

आणायचा दिवस बघण्यासारखा होता. १८ एमएमचा ग्रॅनाइट फुटाला साधारण साडेचार किलो, म्हणजे मोठा स्लॅब शंभर किलोच्या वर. आमचं घर रस्त्यावरून चिऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली, टेम्पो येतो वरपर्यंतच. चौघांनी तो उभाच धरून आणला, आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधून मोडतो. सिंकचं भोक आधी पाडून आणलं तर पुढे मागे दोन-तीन इंचाचीच पट्टी उरते आणि ती पायऱ्यांवर हमखास मोडते, म्हणून ते कटिंग घरीच केलं. मिस्त्रीला पाणी मारत कापायला लावा आणि मास्क द्या, ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. आमचा मास्क लावायला तयार नव्हता, सासूबाई ओरडल्या तेव्हा लावला.

उंचीवरून घरात दोन पक्ष. सासूबाईंना ३२ इंच हवी, मला ३४. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यावा असा अंदाज धरतात, त्यावरून ३३ वर तह झाला. माझी कंबर आता दुखत नाही. त्या नारळ खोवायला तशाही खाली विळीवरच बसतात. बाकी नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडू नका, सिंकजवळ तर नाहीच.

आता वापराचं. फणसाचा चीक खोबरेल लावून चोळलं की निघतो. हळदीचा डाग एकही नाही. सुरमई, बांगडे साफ केले तरी साबणाने एकदा धुतलं की वास राहत नाही, कडप्प्यात तो मुरायचा. कडेला खालून बारीक खाच मारून घेतली होती, फुटाला थोडे जास्त गेले पण ओट्यावरचं पाणी खाच आली की तिथूनच खाली पडतं, मागे वळून खालच्या दारांवर जात नाही. पावसाळ्यात शेजारच्यांची दारं फुगली, माझी नाहीत. हे सगळ्यांनी कराच.

न आवडलेलं पण सांगते. काळ्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब वाळला की दिसतो, आणि तांदळाचं पीठ तर विचारू नका, भाकऱ्या झाल्या की ओटा पांढरा. दिवसातून चार वेळा फडकं फिरतं. स्वयंपाकघर अंधारलं, चिऱ्याच्या भिंती आणि एकच खिडकी, त्यात काळा ओटा, शेवटी फडताळाखाली एलईडीची पट्टी लावली ८०० रुपयांची. आणि काळ्या मुंग्या दिसतच नाहीत. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मुंग्यांका बरी जागा गावली."

खरा त्रास जुलैत झाला. ओटा आणि टाइल्सच्या मधल्या फटीत मिस्त्रीने साधं पांढरं सिमेंट भरलं होतं आणि सिंकभोवती कुठलंसं स्वस्त सिलिकॉन. पावसात दोन्ही काळं पडलं, बुरशी, घासून निघेना, आणि एका कोपऱ्यात सिमेंट सुटून मुंग्यांनी रस्ताच केला. फोन केला तर तो म्हणाला कोकणात एवढं चालायचंच. चालायचं कशाला? दुसऱ्या माणसाकडून सगळं खरवडून काढलं, आठवडाभर पावसाची उघडीप मिळाली तशी फट सुकू दिली, मग फटीत इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचं, पाणी न शोषणारं मिश्रण) आणि सिंकभोवती बुरशी न धरणारं सिलिकॉन. २२०० रुपये. तेव्हापासून पांढरंच आहे. हे आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या, मिस्त्री स्वतःहून कधीच इपॉक्सी म्हणणार नाही.

स्टीलचं सिंक घेताना ३०४ ग्रेड (स्टीलची प्रत) लिहिलेलं बिलावर मागा, खाऱ्या हवेत स्वस्तातल्या २०२ ला गंज धरतो, आमच्या जाऊबाईंकडे वर्षाच्या आत ठिपके आले.

आणि कापून उरलेले तुकडे सोडून येऊ नका, त्याचेही पैसे तुम्हीच दिलेत. आमच्या तुकड्यांमधून मागच्या पडवीत मासे साफ करायला नळाखाली कट्टा झाला आणि एक तुकडा देवघरात गेला. वरचे भाव मागच्या वर्षीचे आहेत, तुमच्याकडे टेम्पो दारापर्यंत येत असेल तर हमालीतले हजारभर कमी धरा.