तानपुरा डिकीत कसा गेला: गाडीतल्या साऊंड सिस्टिमचा माझा अनुभव (नागपूर)

घाट रोडवरच्या पहिल्या दुकानात मला कोणी काही विचारलंच नाही. विचारलं ते माझ्या भाच्याला. "बोला भाऊ, बेस किती पाहिजे?" गाडी माझी, पैसे माझे, रोज नागपूर-वर्धा जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर स्टिअरिंग मी धरते. हा पोरगा फक्त गाडी लावायला जागा शोधून द्यायला सोबत आलेला. त्यानेही लाजत लाजत "भरपूर" असं सांगून टाकलं. पाच मिनिटांत वहीच्या पानावर हिशेब तयार: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चारही दारांत स्पीकर, डिकीत बारा इंची वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) आणि 'चार हजार वॅट'चा अॅम्प्लिफायर. एकूण ५२ हजार.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे चार हजार वॅट ऐकलं की हात आपोआप भागाकाराकडे जातो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे ३३३ अँपिअर. छोट्या गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर सत्तर-ऐंशीच्या आसपास देतो, त्यातच हेडलाइट आणि एसीचा पंखाही चालवायचा असतो. मी हे बोलून दाखवलं तर दुकानदार हसून म्हणाला, "मॅडम, ते पीक वॅट असते." म्हणजे एखाद्या क्षणापुरता उसळणारा आकडा. विचारायचा असतो तो आरएमएस, सतत पेलवणारा. माझ्या कंपनीच्या स्टिरिओवरही '५० गुणिले ४' लिहिलंय. प्रत्यक्षात अशा स्टिरिओतून एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे वीसेक वॅट मिळाले तरी खूप. आम्ही चहा पिऊन निघालो. चहा चांगला होता.

मला काय हवं होतं ते आधी सांगते. बावीस वर्षं गाणं शिकतेय, आणि रियाजाला घरी वेळ मिळत नाही म्हणून गाडीत ऐकते. कंपनीच्या स्पीकरमधून गवयाचा आवाज येतो, पण मागचा तानपुरा म्हणजे नुसती किणकिण. डग्गा तर पोस्टात शिक्का मारल्यासारखा टप् टप्. त्यात आमच्या नागपूरचे सिमेंटचे रस्ते. डांबरी रस्त्यावरून सिमेंटवर चढलं की टायरची अशी घरघर सुरू होते की आवाज वाढवावाच लागतो, आणि वाढवला की तोच आवाज चिरका होतो. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलापासून बुटीबोरीपर्यंत मी आवाजाची कळ किती वेळा फिरवत असेन, देव जाणे.

दुसरं दुकान मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला, एका गाळ्यात. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल तक्रारीही आहेत आणि माणूस भला आहे. काउंटरही नीट नाही, भिंतीवर वायरींची वेटोळी आणि दाराची उघडी पॅनल्स. मालक पस्तिशीचा, हाताला काळा चिकटा. त्याने पहिला प्रश्न विचारला: "काय ऐकता ताई?" मग स्वतः गाडीत येऊन बसला, एसी बंद करायला लावला, काचा वर केल्या आणि म्हणाला, लावा तुमचं नेहमीचं. मी यमनचं एक बैठकीतलं रेकॉर्डिंग लावलं. मोबाइलमध्येही न बघता पूर्ण चार मिनिटं ऐकलं त्याने. मग उतरून दारावर बोटाची गाठ वाजवली. ठण्ण.

"हे बघा, हा डबा आहे. डब्यात कितीही भारी स्पीकर टाका, डबाच वाजते. आधी याले बंद करू."

इथेच मी त्याच्यावर विश्वास टाकला, कारण तो मला महाग वस्तू आधी विकून राहिला नव्हता. दाराचा पत्रा पातळ असतो, स्पीकरबरोबर तोही थरथरतो, आणि पत्र्याला कारखान्यात ठेवलेली मोठी मोठी भोकं असतात. स्पीकरच्या पुढची हवा आणि मागची हवा त्या भोकांतून एकमेकींना भेटली की खालचे सूर आपसांतच खलास होतात. म्हणून पत्र्यावर जड शीट चिकटवायची, भोकं झाकायची. शीटचे दोन प्रकार त्याने हातात दिले. एक डांबरी, स्वस्त. दुसरी ब्युटाइल रबराची, वरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. "डांबरवाली पुण्यात चालत असेल. आपल्या इथे मे महिन्यात ४५-४६ होते, बंद गाडीत त्याहून जास्त. शीट घसरून खाली येते आणि गाडीत वास मारते." समोरच्या दोन दारांना ब्युटाइल लावायचे चार हजार सांगितले. मी एका दमात हो म्हटलं. आजही सांगते, अख्ख्या खर्चातला सगळ्यात वसूल झालेला पैसा हा. दार लावल्याचा आवाजच बदलला: आधी खडाक्, आता धप्. आणि टायरची घरघरही, नाहीशी नाही, पण एक पायरी खाली गेली. चाकांच्या कमानीतून येते ती आहेच.

बाकीची यादी अशी ठरली. समोरच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, म्हणजे ट्वीटर वेगळा. तो आरशाजवळच्या तिकोनी जागेत, म्हणजे बारीक सूर गुडघ्यांपाशी न राहता कानांच्या उंचीला येतात. साडेसात हजार. मागच्या दारांना हात लावायचा नाही. "मागं कोण बसते?" त्याने विचारलं. मागे माझा तानपुरा बसतो, आडवा. चार चॅनलचा अॅम्प्लिफायर दहा हजारांचा. दोन चॅनल दारांना, उरलेले दोन जोडून आठ इंची वूफरला. वूफर खोक्यासकट साडेसहा हजार. वायरिंगचा सेट २,८००, मजुरी चार हजार. सगळं मिळून ३४,८००. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवला, कारण स्टिअरिंगवरची बटणं मला सोडायची नव्हती. अॅम्प्लिफायर असा घेतला की जो स्पीकरच्याच तारांतून सिग्नल उचलतो. मोठी स्क्रीन घेतली असती तर पंधरा हजार तिकडे गेले असते आणि शीट राहून गेली असती.

खोक्यावरून आमचं थोडं वाजलं. तो भोकाचं, पोर्टवालं, खोकं दाखवत होता. त्यात धमक जास्त. मी दोन्ही वाजवून बघायला मागितली. पोर्टवाल्यात डग्ग्याचा 'घे' सुटला की थांबायचं नावच घेत नव्हता, पुढच्या बोलावर सांडत होता. बंद खोक्यात धमक कमी, पण बोल जिथे संपायचा तिथे संपतो. बंद खोकं घेतलं. ते डिकीच्या डाव्या कोपऱ्यात मावतं आणि भाजीच्या पिशव्यांना जागा उरते, हा दुसरा मुद्दा.

वायर हा विषय त्याचा आवडता. ब्लेडने एक तार खरवडून दाखवली: आतपर्यंत तांबडी. बाजारातल्या सेटमधली दुसरी खरवडली: आत पांढरी, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तीच जाडी, पण करंट कमी पेलते आणि तापते. बॅटरीपासून निघालेल्या मुख्य वायरवर फ्यूज बॅटरीला अगदी लागून, वीतभर अंतरावर बसवला. फ्यूज अॅम्प्लिफायरच्या टोकाला असून भागत नाही, कारण मधेच वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मधल्या सगळ्या वायरीला राखणच नाही. बोनेटमधून आत येते तिथे रबराची चकती. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, आवाजाची दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनाची शिट्टी स्पीकरमध्ये ऐकू येते. अॅम्प्लिफायर डिकीत न ठेवता समोरच्या डाव्या सीटखाली ठेवला. तिथे एसीची हवा लागते आणि ऊन लागत नाही. तुम्ही कुठेही बसवा, पण हे चार मुद्दे उभं राहून स्वतः बघा. मी बघत होते तर पोरं आधी बुजली, मग मला टॉर्च धरायला दिला.

आता तक्रारी. सकाळी दहाला गाडी दिली, संध्याकाळी पाचला मिळणार होती. मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला. फोन मीच करायचा, उत्तर प्रत्येक वेळी एकच: "होऊनच राहिली ताई." वर्ध्याला जायला सकाळी बस धरावी लागली आणि पहिला तास बुडाला. मुलं खूश झाली, पण तो मुद्दा नाही.

दुसरी तक्रार मोठी. गाडी घेतली, घरी येताना लावलं यमन, आणि वाटलं पैसे पाण्यात गेले. आवाज मोठा, पण खालून पोकळ. गवई नक्की कुठे बसलाय तेच कळेना, डोक्याभोवती नुसता पसरलेला. रात्री खाली पार्किंगमध्ये बसून एक उद्योग केला: बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला, झकास. पूर्ण डावीकडे, झकास. मध्ये आणला की पोकळ. दोन बरोबर संख्यांची बेरीज शून्याकडे जात असेल तर एकीला उणे चिन्ह आहे. डाव्या दाराच्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले होते. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे. सकाळी दुकानात हेच वाक्य सांगितलं तर मालक क्षणभर गप्प. मग पोराला हाक मारली, पॅनल काढलं, आणि खरंच उलटं. त्याने सबब सांगितली नाही, पैशाचाही विषय काढला नाही. "ताई, पोराकडून चुकी झाली आणि मी तपासलं नाही, ती माझी." वीस मिनिटांत गवई डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला.

मग आली सेटिंग, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. त्याने सवयीप्रमाणे कट १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० कंपनं) ठेवला होता: त्याच्या खालचं सगळं वूफरला, वरचं दारांना. फिल्मी गाण्याला छान वाटत होतं. मी यमन लावलं आणि मान मागे वळली. तानपुरा डिकीत! बैठकीत तानपुरा गवयाच्या मागे असतो हे मान्य, पण माझ्या मागे?

दुकानातच कागदावर मांडलं. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. तिचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याच्या खरजाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, तारेचा त्याच्या निम्मा, १०४. म्हणजे १२० चा कट बरोबर जोडीच्या (षड्जाला लावलेल्या मधल्या दोन) तारा आणि खरज यांच्या मधून जातो. जोडी पुढे, खरज मागे. एकच तानपुरा चिरून अर्धा डिकीत टाकलेला. सूर जितका खाली, तितकं कानाला तो कुठून येतोय ते कळत नाही. पण शंभराच्या वर कळायला लागतं. "८० वर आणा," मी म्हटलं. तो म्हणाला, दारांवर जोर येईल. म्हटलं, म्हणून तर दारांना शीट लावली ना आपण? त्याने स्क्रू-ड्रायव्हरने खुंटी फिरवली. फिरवता फिरवता खरज मागच्या सीटवरून उठला आणि पुढे येऊन जोडीला भेटला. डग्ग्याची मींड तेवढी वूफरकडे राहिली, ती राहायलाच हवी होती. मालक पुन्हा पूर्ण चार मिनिटं बसला. शेवटी म्हणाला, "मी दहा वर्षं १२० वर ठेवून राहिलो." आता भजन-शास्त्रीयवाल्यांना आधी विचारतो म्हणे.

गेनबद्दलही एक. अॅम्प्लिफायरवरची गेनची खुंटी म्हणजे आवाजाची कळ नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अॅम्प्लिफायर जुळवायची ती जागा. पूर्ण फिरवली की आवाज फाटतो आणि ट्वीटर जळायला बसतात. त्याने योग्य जागेवर पांढऱ्या पेनाने खूण करून दिली.

डावा-उजवा फरक मात्र राहिला. उजवा स्पीकर मला डाव्यापेक्षा अर्धा मीटर जवळ, म्हणजे त्याचा आवाज दीडेक मिलिसेकंद आधी पोचतो. तो नेमका उशीर घालणारं डीएसपी नावाचं यंत्र अजून बारा हजारांचं होतं. मी बॅलन्स दोन घरं डावीकडे नेऊन भागवलं. परिपूर्ण नाही, पण केळझरच्या वळणावर समोरून ट्रक येत असताना दीड मिलिसेकंद मला ऐकू येत नाही.

एक दुष्परिणाम सांगायला हवा. माझ्याकडची निम्मी रेकॉर्डिंग कॅसेटवरून उतरवलेली आहेत. जुन्या स्पीकरमध्ये ती गोड वाटायची. आता टेपची सरसर, कोणाचा तरी खोकला, मागे कपबशीची किणकिण, सगळं समोर येऊन बसतं. काही फाइली मी परत उतरवायला घेतल्यात. कपबशीवाली तशीच ठेवली आहे.

कामाला दहापैकी आठ, वेळेला तीन. जाणार असाल तर स्वतःचं ओळखीचं रेकॉर्डिंग घेऊन जा, सेटिंगच्या वेळी पुढच्या सीटवर स्वतः बसा, आणि निघण्यापूर्वी तो बॅलन्सचा डावा-उजवा-मधला उद्योग दुकानातच करा. उजव्या दारात पवनारच्या पुलाच्या सांध्यावर अजून एक क्लिप खटकते. त्यासाठी मंगळवारची वेळ दिली आहे, म्हणजे बुधवार धरून चालते.

परवा भाच्याने गाडी मागितली, फुटाळ्याला मित्रांना घेऊन जायला. परत आली तेव्हा सीटखाली हात घालून पाहिलं: गेनची खुंटी पांढऱ्या खुणेच्या पुष्कळ पुढे. पेट्रोल मात्र त्याने भरून आणलं होतं, म्हणून काही बोलले नाही.