यंत्रानुवादाच्या काळात अनुवादकाने संघटनेत जावं की स्वतःच शिकावं?

२०१६च्या शेवटी गूगलने न्यूरल यंत्रानुवाद (आधीपेक्षा सफाईदार भाषांतर करणारं नवं तंत्र) आणला आणि पुढच्या काही वर्षांत माझ्याकडे मुळापासून करायच्या अनुवादाऐवजी यंत्राने केलेले मसुदे सुधारायला यायला लागले. नव्याने शिकणं भाग होतं. व्यावसायिक संघटनेची वर्गणी भरायची, की तेच पैसे ऑनलाइन कोर्स आणि सॉफ्टवेअरमध्ये घालायचे? मी आधी दुसरी वाट धरली, दोन वर्षांनी पहिली.

साधनं शिकण्यापुरतं म्हणाल तर स्वतःची वाटच बरी. नवी आवृत्ती आली की शिकवणारा लगेच हजर. संघटनेची कार्यशाळा ठरेपर्यंत निम्मं शिळं झालेलं असतं.

माझं अडलं ते दुसरीकडेच. एक एजन्सी मसुदा पाठवताना कामाला 'फक्त तपासणी' म्हणायची आणि पैसेही तपासणीचेच द्यायची. इकडे अर्धी वाक्यं नव्याने लिहावी लागायची. काम झाल्यावर दर वेळी तोच वाद आणि तेच उत्तर: 'बाकीचे करतात की!' बाकीचे खरंच करतात का, हे मला कोण सांगणार? दोन वर्षं या एका वाक्यापुढे मी गप्प बसलो. एकाही कोर्सने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

संघटनेच्या पहिल्याच बैठकीत कळलं, बाकीच्यांनाही हेच ऐकवलं जात होतं. यंत्रानुवादाच्या संपादनाबद्दलचं आयएसओ १८५८७ हे २०१७चं आंतरराष्ट्रीय मानकही तिथेच हाती आलं. माणसाच्या अनुवादाच्या तोडीचं काम हवं असेल तर ते पूर्ण संपादन. मजकूर समजण्यापुरतं हलकं संपादन निराळं. आमच्या गटाने हा फरक नमुना करारात घातला. आता काम घेण्याआधीच मी विचारतो, 'पूर्ण की हलकं?' वाद संपले नाहीत, पण ते काम हाती घेण्याआधी होतात. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

संघटना दर ठरवून देईल ही आशा मात्र ठेवू नका. एआयआयसी या परिषद-दुभाष्यांच्या संघटनेचे शुल्काचे नियम बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९७ मध्ये बेकायदा ठरवले होते.

तुमचे ग्राहक थेट असतील, मध्ये एजन्सी नसेल, तर कदाचित कोर्स पुरतील. नुसती प्रमाणपत्रं वाटणाऱ्या संघटनेत मीही वर्गणी भरली नसती. शक्य असेल तर आधी एखाद्या बैठकीला पाहुणे म्हणून बसा आणि कराराचा विषय निघतो का, तेवढं ऐका.