येऊर की कर्नाळा?

रविवारची सकाळ, तीन-चार तासांची जंगलवाट आणि जमलं तर थोडा इतिहास. ठाण्या-नवी मुंबईत एवढंच मागितलं तरी मन येऊरचं जंगल आणि कर्नाळ्याचा किल्ला यांत अडकतं.

पोचण्यात येऊर पुढे. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस थेट वर जाते, पायवाटांना चढ बेताचाच. बिबट्याचं रान आहे, तेव्हा झुंजूमुंजूला किंवा तिन्हीसांजेला मुलांना पुढे पळू देऊ नये. इतिहास इथे दगडात कमी, पाड्यांत जास्त. पाटोणापाडा, जांभूळपाडा नुसते ओलांडून गेलं तर काहीच कळत नाही. सोबत पाड्यातलं कुणी हवं.

येऊरला मला खटकतो तो डांबरी रस्ता. पायवाटेला लागेपर्यंत त्याच्यावरूनच चालायचं, आणि सुट्टीच्या दिवशी बंगल्या-ढाब्यांकडे जाणाऱ्या गाड्याही त्यावरूनच. वळणावर कडेला सरायला धड जागा नसते. झाडीत भृंगराज बोलतोय म्हणून थांबावं, तर मागून हॉर्न. पक्षी गप्प, आपणही गप्प.

आवाज कर्नाळ्यालाही आहेच. गोवा महामार्ग अभयारण्याला चिरून जातो, त्यामुळे सुरुवातीला ट्रक ऐकू येतात. पण वाटेवर गाडी नाही, आणि सोंडेवर चढत गेलं की तो आवाज खाली राहतो. वर किल्ल्याचे दरवाजे, सुळक्याच्या पायथ्याशी खोदलेली टाकी आणि कोठारं. एक मराठी शिलालेख आहे, एक फारसी. फारसीवर हिजरी 1146. पनवेलहून येताना शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार.

चढ मात्र दमवतो: रमतगमत दीड तास धरा. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या, टाक्यांच्या भरवशावर राहू नका. स्टीलची बाटली बरी, कारण गेटवर प्लास्टिक मोजून अनामत घेतात. खाऊ पिशवीच्या तळाशी, माकडं हातातली पुडी पळवतात. पावसाळ्यात शेवाळलेले दगड उतरताना जास्त दगा देतात. सुळक्यावर आग्या मोहळं असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. पोळी हलताना दिसली तर टाकी न बघता परत फिरावं.

गुडघे कुरकुरत असतील तर येऊरच बरं, पण शनिवार-रविवार सोडून.