कॅनवरचा टॉर्च आणि भट्टीविना मीना: काही महिन्यांच्या वापरानंतर

गॅसच्या कॅनवर बसवायच्या ज्योतीच्या टॉर्चचा पेटवायचा खटका गेला आणि विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. कारण काय, तर टॉर्च आडवा धरला! अहो, ‘मीनाकारी किट’ म्हणून विकलात ना? मीना, म्हणजे तांब्यावर वितळवायची रंगीत काचेची भुकटी, खालूनच भाजायचा असतो. वरून ज्योत मारली की भुकटी उडते, रंग करपतो. आणि ज्योत खालून वर न्यायची तर कॅन आडवा होणारच.

खटक्याचं एवढं काही नाही, काडीने पेटतं. माझं भांडण त्या आडवेपणाशीच आहे. कॅनमध्ये ब्यूटेन द्रवरूपात असतो. कॅन कलला की वायूऐवजी द्रवच नोझलकडे येतो, ज्योत भसकन पिवळी होते आणि काजळी धरते. पांढरा मीना राखाडी पडतो, पारदर्शक लाल काळवंडतो. आधी मिनिटभर कॅन उभा ठेवून टॉर्चचं तोंड तापू दिलं तर भडका बराच कमी होतो. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. शिवाय सलग वापरला की कॅन गार पडतो आणि दाब उतरतो. थंडीत तर फारच.

एरवी रुपयाच्या नाण्याएवढ्या कामाला टॉर्च पुरतो. मीना साधारण ७५० ते ८५० अंशांत वितळतो, तांबं १०८५ला, त्यामुळे धाकधूक नसते. भुकटी आधी काळवंडते, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते, आणि एका क्षणी सगळा पृष्ठभाग ओला चमकतो. तिथेच ज्योत काढायची. हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं, म्हणून मला टॉर्चचं काम भट्टीपेक्षा आवडतं. पाठीलाही मीन्याचा थर हवाच. निवताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं, एकाच बाजूला थर असेल तर तडे जातात.

सुरुवातीला मी विचारेल त्याला हाच टॉर्च सुचवत होते. आता नाही सुचवणार. सोनारकामाच्या सामानाच्या दुकानातून रबरी नळीचा टॉर्च आणला; ५ किलोचा छोटा सिलिंडर जमिनीवर उभा राहतो, हातात फक्त नोझल. ज्योत निळी ती निळीच, पांढरा खरोखर पांढरा येतो. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, पण काजळीने वाया गेलेला मीना आणि अर्धवट गार कॅन यांचा हिशेब मांडला तर हाच स्वस्त. गॅस जमिनीलगत साचतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

जुना टॉर्च तांबं मऊ करायला ठेवलाय, ते काम उभ्या कॅनवर होतं. तळाचा गॅस सहलीच्या शेगडीला. वॉरंटीची तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही.