एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचं बी

एप्रिल २०२१. हे नगरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर, मुलगा रेमडेसिवीरसाठी मेडिकलच्या रांगेत आणि मी घरी मोबाईल उशाशी घेऊन. देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद. आमचे पाळकसाहेब स्वतःच अंथरुणाला खिळलेले. अशात नणंदेनं मला एका प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं. पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली, कारण त्यात माझाही हात आहे.

रोज रात्री ९ वाजता झूमवर एक ब्रदर बोलायचे. आवाज मऊ, बायबल तोंडपाठ. रोज स्तोत्र ९१. त्यात मरीचा उल्लेख आहे, त्यामुळे तेव्हा ते ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फिरत होतं. दोन आठवडे पैशाचा शब्द निघाला नाही. मग एका रात्री मला थेट फोन. "ताई, प्रभूनं मला एक आकडा दाखवला. ८४."

ह्यांचं ऑक्सिजन त्याच सकाळी ८४ वर आलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आकडा नणंदेनंच दुपारी ब्रदरांना प्रार्थनेसाठी म्हणून पाठवला होता, नाव आणि वॉर्डासकट. हे मला कळलं चार महिन्यांनी.

पैसे त्यांनी मागितले नाहीत. "पेरा" म्हणाले. स्तोत्र ९१ म्हणून ९,१०० रुपयांचं विश्वासाचं बी. मग अभिषेकाचं तेल, २,१००. कुरिअरनं आलं, झाकण उघडलं तर खोबरेल आणि वर कसलंसं अत्तर. तरी मी ते मुलाकरवी वॉर्डात पाठवलं. मग आलं बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन, ३:१०. सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मी आकाशकपाटे उघडतो की नाही ते पाहा. मी पाटल्या गहाण टाकून ५०,००० पाठवले. यूपीआयवर नाव तिसऱ्याच बाईचं दिसलं. विचारलं, तर म्हणाले, "ताई, आज शंकेला जागा देऊ नका. त्यांच्या श्वासाचा प्रश्न आहे."

एकूण ६१,२००. आमच्या चर्चमध्ये अर्पणाच्या पाकिटावर आकडा लिहितात, पावती मिळते आणि वार्षिक सभेत पताक्यांच्या खर्चावरून सुद्धा तासभर भांडणं होतात. त्या भांडणांचा मला फार वैताग यायचा.

हे १९ दिवसांनी घरी आले. डॉक्टरांनी केलं, नर्सबाईंनी केलं, देवानं केलं. पण त्या आनंदात ब्रदरांनी साक्ष द्यायला सांगितलं आणि मी दिली. चार मिनिटांचा व्हिडिओ, डोक्यावर पदर घेऊन. "मी पेरलं आणि माझे मिस्टर उठले," असं मी त्यात म्हणते.

जुलैत जालन्याहून एका बाईचा फोन आला. "ताई, तुमची साक्ष बघून मीही पेरलं. आमचे गेले." ब्रदरांनी तिला सांगितलं होतं, विश्वास कमी पडला. चार दिवसांनी तिचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला.

त्या रात्री मी आजीचं जुनं बायबल घेऊन बसले. मलाखी ३:१० च्या पाचच ओव्या वर, ३:५ मध्ये, देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांना गांजणाऱ्यांवर मी साक्ष द्यायला येईन. हे ब्रदरांनी एकदाही वाचलं नाही. बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात तर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेले लोक), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी जेवून तृप्त व्हावं म्हणून आहे. आमच्याकडे तो उलटा, विधवेकडूनच वसूल झाला.

आणि स्तोत्र ९१? ते बायबलमध्ये सैतानाच्याही तोंडी आहे. मत्तय ४ मध्ये तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, उडी टाक म्हणतो आणि हेच स्तोत्र ऐकवतो, देवदूत तुला झेलतील. मधले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द तो गाळतो. पुढच्याच ओवीत साप तुडवण्याचं आहे, तिथवर तर तो जातच नाही. लहानपणी संडेस्कूलमध्ये हा भाग मी पाठ म्हणून दाखवून बक्षीस मिळवलं होतं. संदेष्टा अलीशानं कोड बरं केलेल्या नामानाकडून काही घेतलं नाही आणि मागून पळत जाऊन चांदी आणणाऱ्या त्याच्या चाकराला, गेहजीला, कोड फुटलं, हीसुद्धा तेव्हाचीच गोष्ट.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "बाई, स्वखुशीनंच दिलेत ना?" चमत्काराच्या नावाखाली पैसे लुबाडणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, हे मला नंतर एका वकिलानं सांगितलं. मंडळीतले वडीलधारे म्हणाले, आधीच आपल्या लोकांवर बोटं रोखतात, कशाला बाहेर काढता? मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, मेसेज पुसू नका. घरातलं माणूस दवाखान्यात असताना त्याचा वॉर्ड, रिपोर्ट, ऑक्सिजनचा आकडा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. आणि "प्रभूनं दाखवलं" असं कोणी म्हणालं, तर आधी घरात विचारा, आज कोणी कोणाला काय पाठवलंय.

मी जालन्याला जाऊन आले. तिचे पैसे मी देते म्हटलं, निदान थोडे थोडे. तिनं घेतले नाहीत. चहा दिला, म्हणाली, "तो व्हिडिओ तेवढा काढायला लावा."

तो अजून फिरतोय. गेल्या नाताळात एका नातेवाइकानं मलाच फॉरवर्ड केला, खाली हात जोडलेले.