प्री-प्रेग्नन्सी काउन्सेलिंगला गेलो, शाळा माझीच घेतली
पुण्यातलंच क्लिनिक. बायकोच्या फॉलिक ॲसिडचं विचारायला गेलो होतो आणि मॅडमनी पहिला प्रश्न मलाच टाकला, वीकेंडला किती पेग? म्हटलं दोनेक, बायकोने शेजारून नुसतं बघितलं. मग त्यांनी सांगितलं की २०१९ मधे चीनच्या संशोधकांनी ५५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात गर्भधारणेआधीच्या ३ महिन्यांत किंवा गरोदरपणाच्या पहिल्या ३ महिन्यांत बाप पीत असेल तर बाळाला जन्मजात हृदयदोषाचा धोका ४४% जास्त दिसला, आई पीत असेल तर १६%, म्हणून पुरुषांनी ६ महिने आणि बायकांनी वर्षभर आधीच सोडलेली बरी. हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध नाही हेपण स्वतःहून बोलल्या, उगाच घाबरवलं नाही. वेटिंग मात्र दीड तास, एसी बंद. ४ स्टार. फ्रीजमधल्या बिअर मेव्हण्याला दिल्या, त्याचं लग्न ठरायचंय अजून.